डिस्कोमायसीट: ठेवावा की वगळावा

११ सप्टेंबर

प्रिय वाटीकाका,

सोमवारी तुम्ही आलात काय आणि गेलात काय, पत्ताच लागला नाही. मीटिंग संपवून बाहेर येते तर बाकावर तुमचा बुटांचा खोका, सुतळीने बांधलेला, आणि तुम्ही गायब. शिपायाला मी बजावून सांगितलं होतं की यांना बसवा, चहा द्या. दिला ना त्याने? तुम्ही पण कमाल करता. दहा मिनिटं थांबला असतात तर नीट बोललो असतो. आत मोठी माणसं बसली होती, मला उठता येईना. काचेपलीकडून हात केला होता मी, दिसला असेल.

खोका माझ्या टेबलाखाली सुखरूप आहे. सवड झाली की आणून देते, किंवा तुम्ही पुन्हा याल तेव्हा घेऊन जा. यायच्या आधी दोन ओळी मात्र टाका, म्हणजे मी मोकळी असेन.

आता कामाचं. आमच्या परिभाषा कोशाची नवी आवृत्ती निघतेय हे तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड असतं: वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली वापर, आणि शेवटी दोन चौकोन, 'ठेवावा' आणि 'वगळावा'. जीवशास्त्राचे तीन खण माझ्या वाट्याला आलेत. त्यात 'डिस्कोमायसीट'चं कार्ड आहे, मागे सांगितलं होतं ते. तुमच्या वाट्या! बाहेरून आलेले प्राध्यापक म्हणतात, हा शब्द मेला, वगळून टाका. मला तो वगळवत नाही, पण 'वगळवत नाही' हे काही कार्डावर लिहिता येत नाही. अर्थ काय आणि आज तो वापरायचा की नाही, एवढं मला लिहून पाठवाल? महिनाअखेर कार्डं छापखान्यात जातील.

तब्येत सांभाळा. खालच्या लाँड्रीवाल्यांना नमस्कार.

तुमची,
टिपकागद


१७ सप्टेंबर

मा. साहाय्यक संपादक,
परिभाषा कोश कार्यालय यांस,

आपले ११ तारखेचे पत्र मिळाले. विचारलेल्या शब्दाची माहिती खाली देत आहे.

'डिस्कोमायसीट' हे एका प्रकारच्या बुरशीचे नाव आहे. ग्रीक भाषेत 'डिस्कोस' म्हणजे चकती किंवा थाळी आणि 'मायकिस' म्हणजे बुरशी. या बुरशीचे बीजाणू सूक्ष्म पिशव्यांत तयार होतात, एका पिशवीत बहुधा आठ. अशा हजारो पिशव्या एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि त्यांचा थर उघडा असतो. कधी वाटीच्या आत, कधी सपाट ताटलीवर, कधी टाचणीच्या डोक्याएवढ्या चकतीवर. थर उघडा असणे हे मुख्य लक्षण. म्हणून पिकलेल्या वाटीवर फुंकर घातली की सगळ्या पिशव्या एकदम फुटतात आणि धुरासारखे काही वर उठते. ज्याने ते एकदा पाहिले त्याला व्याख्येची गरज उरत नाही, परंतु कोशाला असावी.

आमच्या प्रयोगशाळेत चाळीस वर्षे हा शब्द रोजच्या वापरात होता. आज तो वर्गाचे नाव म्हणून चालतो का, हा निराळा प्रश्न आहे. आपण विचारल्यास लिहीन.

खोक्यातील वाळवलेल्या बुरशीची पाकिटे कोरड्या जागी ठेवावीत. पाकिटांखेरीज त्यात काही आढळल्यास ते निरुपयोगी समजावे.

अक्षर मोठे झाले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आपला,
प्रयोगशाळा साहाय्यक (निवृत्त)


२० सप्टेंबर

अहो वाटीकाका,

हे 'मा.' काय, 'आपण' काय आणि 'यांस' काय! मी पाकीट उलटसुलट करून बघितलं, चुकून संपादकांचं तर नाही ना उघडलं. मग वाटलं, हे पत्र फायलीत लागणार म्हणून तुम्ही कचेरीचा थाट केला असणार. तसं असेल तर शंभरपैकी शंभर, पण मला वेगळी चिठ्ठी तरी घालायची होती आत. आणि अक्षर! एका पानावर सहा ओळी. पहिलीतल्या पोरीला कित्ता घालून दिल्यासारखं. रागावला आहात की काय, दोन ओळी टाकल्याशिवाय येऊ नका म्हणाले म्हणून? तसं काही मनात नव्हतं माझ्या.

व्याख्या मात्र झकास आहे. फुंकरीचं वाचलं आणि आमची न्हाणी आठवली. मी सहा वर्षांची, बाबांना जाऊन चार महिने झालेले, आईने मागची खोली नुकतीच तुम्हाला भाड्याने दिलेली. न्हाणीच्या ओल्या गिलाव्यावर तपकिरी वाट्या उगवल्या होत्या आणि आई खराटा घेऊन निघाली होती. तुम्ही दारात आडवे उभे राहिलात. म्हणालात, वहिनी, चार दिवस द्या, हवं तर मी बाहेरच्या नळावर अंघोळ करतो. आणि केलीत. चौथ्या दिवशी मला उचलून धरलंत आणि म्हणालात, घाल फुंकर. तो धूर बघून मी दिवसभर सगळ्यांना सांगत सुटले की आपली भिंत विडी ओढते.

आणि ते चिठ्ठ्यांचं आठवतं? मी नऊ वर्षांची असेन. तुमच्या पाकिटांवरच्या जुन्या, चुकीच्या नावांच्या चिठ्ठ्या मी फाडून टाकल्या आणि छान अक्षरात नव्या लावल्या. तुम्ही खूश व्हाल असं मला वाटलं होतं. तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. मग जवळ बसवून सांगितलंत की जुनी चिठ्ठी कधी फाडायची नाही. नवी तिच्या खाली लावायची, आपलं नाव आणि तारीख घालून. कोण कधी काय चुकलं, तेही त्या पाकिटाचंच आहे. तेवढं एकदाच तुम्ही माझ्यावर रागावल्याचं मला आठवतंय.

तर आता विचारते, रीतसर: हा शब्द आज चालतो का? प्राध्यापकांना तोंड द्यायचंय मला. आणि कृपा करून माणसात येऊन लिहा.

तुमची,
टिपकागद


२८ सप्टेंबर

मा. साहाय्यक संपादक यांस,

आपला २० तारखेचा प्रश्न: शब्द आज चालतो का.

पूर्वी डिस्कोमायसीट हा एक मोठा वर्ग मानत. ज्याला उघडी वाटी, तो या वर्गातला. आमच्या वेळीच शंका सुरू झाल्या होत्या. काही पिशव्यांना टोकाशी झाकण असते, ते उघडून बीजाणू बाहेर पडतात. काहींना झाकण नसते, नुसते भोक पडते. सूक्ष्मदर्शकात पाहिले की कळते, वाटी सारखी पण आतली रीत निराळी. पुढे पेशींच्या आतले तपासता येऊ लागले तेव्हा निकाल लागला. वाटीचा आकार अनेक कुळांनी आपापला, स्वतंत्रपणे घेतला आहे. उलट जमिनीखाली वाढणाऱ्या काही गाठी, ज्यांना वाटीचा मागमूस नाही, त्या वाट्यांच्या सख्ख्या निघाल्या. तेव्हा वर्ग मोडला. आपले प्राध्यापक तेवढ्यापुरते बरोबर आहेत.

परंतु वर्ग मोडला म्हणून शब्द मरत नाही. रानात काम करणारी माणसे आजही 'डिस्कोमायसीट सापडला' असेच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला नेमके कळते. कार्डावर असे लिहावे: वर्गाचे नाव म्हणून रद्द, वर्णनाचा शब्द म्हणून वापरात. ठेवावा.

प्राध्यापकांपुढे माझे नाव घेण्याचे कारण नाही. मी कोणी अधिकारी माणूस नाही. बशा धुता धुता जे दिसले ते पाहिले, इतकेच.

याउपर मला लिहिता येईलसे वाटत नाही.

आपला,
पूर्वीचा भाडेकरू


१ ऑक्टोबर

वाटीकाका,

'पूर्वीचा भाडेकरू' ही शेवटची ओळ मी दोनदा वाचली. म्हणजे तुम्ही ऐकलंत.

मला वाटलं होतं, काचेतून आवाज जात नाही. दार उघडं होतं हे मला आज आठवतंय.

आता खरं लिहिते. शिपायाला मी काही सांगितलं नव्हतं. हात केला नव्हता. तुम्ही दारात दिसलात तेव्हा सगळ्यांत आधी मीच पाहिलं आणि फायलीत डोकं घातलं. तुमच्या पँटचे दोन्ही गुडघे चिखलाने माखलेले, पायात रबरी चपला, बगलेत तो खोका. संपादकांनी विचारलं, हे कोण, तुमच्याकडे आलेत का? आणि मी म्हणाले, "आमच्याकडे पूर्वी भाडेकरू होते. माझे कोणी नाहीत. येतात कधीतरी." प्राध्यापक काहीतरी बोलून हसले, खोक्यात चपला असतील म्हणाले. मीही हसले. बोलण्यापेक्षा ते हसणं जास्त वाईट होतं.

का म्हणाले, असं तुम्ही विचारणार नाही, पण मी तीन आठवडे स्वतःला विचारतेय. त्या खोलीत मला गेल्याच महिन्यात खुर्ची मिळाली होती. तिथे सगळ्यांच्या नावापुढे पदव्या आहेत. दारात तुम्ही उभे राहिलात आणि मला वाटलं, आता माझी पण किंमत होणार. झाली किंमत, पण ती कशाची ते आता कळतंय.

सहावीत मी बाकावर शाई सांडली तेव्हा बाईंनी पालकांना बोलावलं होतं. आई शिलाई कारखान्यात पाळीवर होती. तुम्ही प्रयोगशाळेतून अर्धी रजा काढून आलात. वहीत 'नातं' असा रकाना होता. बाईंनी विचारलं, तुमचं आडनाव तर वेगळं आहे. तुम्ही म्हणालात, "ती काका म्हणते ना, मग काकाच." आणि सही ठोकलीत. त्या दिवशी मी वर्गात मान वर करून परत गेले, आणि त्या शाईपासून तुमची टिपकागद झाले. पुढे शाळा संपेपर्यंत प्रगतिपुस्तकावर तुमचीच सही होती. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी सगळ्या खोलीसमोर तुम्हाला झटकून टाकलं.

आई असती तर तिला तोंड दाखवायला मला जागा उरली नसती. तुम्हाला तरी कुठे आहे?

तुम्ही लिहिलंत, वाटीचा आकार सारखा म्हणून नातं होत नाही, आणि वाटी नसलेली गाठ सख्खी निघते. ते वाचून मला आपलंच वाटलं. तुम्ही ते माझ्यासाठीच लिहिलंत का?

मला क्षमा करा असं लिहायचा धीर होत नाही. नुसतं एवढंच लिहिते की मला लाज वाटते. मला तुमच्याकडे यायचंय. येऊ का? या म्हणालात तरच येईन.

टिपकागद


२२ ऑक्टोबर

वाटीकाका,

तीन आठवडे झाले. उत्तर नाही. तुमचा मौनाचा हक्क आहे, पण आज लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण आज मी खोका उघडला.

तो दीड महिना माझ्या पायाशी होता. सुतळीला हात लावायची हिंमत होत नव्हती. आज झाडणाऱ्या बाईंनी तो उचलून टेबलावर ठेवला, म्हणाल्या, यात काही नासतंय का बघा. सगळ्यात वर एक पत्र्याचं झाकण होतं, त्यात ओल्या मातीसकट एक वाटी. म्हणजे तेव्हा ओली असणार. आता ती बटणासारखी वाळून कडक झालीय. शेजारी तुमची चिठ्ठी: '८ सप्टेंबर, कोश कार्यालयाच्या कुंपणालगत, ओल्या चुन्याच्या ढिगावर. ताजी. मीटिंगमध्ये फुंकर घालून दाखवणे.' ते चिखलाचे गुडघे. तुम्ही माझ्यासाठी त्या चुन्यात गुडघे टेकले होते आणि मला त्यांचीच लाज वाटली.

पाकिटांच्या खाली इस्पितळाचा फॉर्म होता. डोळ्यांचा विभाग. उजव्या डोळ्याचा पडदा सुटतोय, ऑपरेशन १५ सप्टेंबरला, पुढे ढकलू नये, असं छापील अक्षरांखाली डॉक्टरांनी हाताने लिहिलंय. खाली 'जवळच्या नातेवाईकाची सही', 'नातं', दोन्ही कोरं. आणि कडेला तुमच्या पेन्सिलीत, एवढं मोठं: 'टिपकागदला विचारणे. नाही म्हणाली तर हसून सोडून देणे.'

अकराला मी तुम्हाला ते खोटं पत्र लिहीत होते तेव्हा हा फॉर्म माझ्या बुटाला लागत होता. उघडला असता तर चार दिवस हातात होते. आणि मग मी तुमच्या अक्षराची टिंगल केली, सहा ओळी म्हणून.

तुम्ही ऑपरेशनला गेला होतात ना? कोणाची तरी सही घेऊन? कोणीही चालेल, लाँड्रीवाले, वाटेवरचा माणूस. एवढं एकच सांगा.

टिपकागद


२७ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार. मी खालचा लाँड्रीवाला. काका सांगतात ते लिहून घेतोय. मध्ये मध्ये माझं स्वतःचं येईल, ते कंसात टाकतो. माझं अक्षर बिलापुरतंच आहे, सांभाळून घ्या.

काका सांगतात: तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला कारण पहिलं मला वाचता आलं नाही. सप्टेंबरातली भिंगाने कशीबशी वाचली, आता भिंग लावूनही ओळी एकमेकींवर चढतात. कोणाकडून वाचून घ्यायचं म्हणजे घरातलं चव्हाट्यावर मांडायचं, म्हणून तसंच ठेवलं. दुसरं आलं तेव्हा लाँड्रीवाल्याने ऐकलं नाही, दोन्ही फोडली.

(ताई, पहिलं पत्र मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा शाळेच्या रकान्यापाशी आलो आणि ते उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. खिडकीतून त्यांना काही दिसत नाही.)

काका सांगतात: ऑपरेशनला गेलो नाही. उजवा डोळा गेला. ही बातमी आहे, तक्रार नव्हे. सही करायला लाँड्रीवाला तयार होता, मीच नको म्हणालो.

(खरं आहे. मी म्हणालो मला भाऊ लिहा. तर म्हणाले, मला नातेवाईक आहे, पुतणी आहे, शब्दांच्या मोठ्या कचेरीत बसते, ती करील. त्या सोमवारी त्यांनी माझ्याकडून शर्टाला कडक इस्त्री करून घेतली, वर्षात पहिल्यांदा. संध्याकाळी आले ते विचारलं तर म्हणाले, तिला फार काम आहे.)

काका सांगतात: हे सगळं लिहायची गरज नव्हती, पण हा ऐकत नाही. आता माझं ऐक. तू सगळी लाज आपल्या पदरात घेऊन बसली आहेस, त्यातली थोडी माझी आहे. दारात मी ऐकलं तेव्हा मला तुझा राग नाही आला. मला माझ्या चपलांची लाज वाटली. मग घरी आल्यावर राग आला, आणि तो मी सांभाळून ठेवला, पाकिटात ठेवतात तसा, वाळवून. पंधरा तारखेला सकाळी उठलो, अंघोळ केली, आणि कॉटवर बसून राहिलो. म्हटलं, कोणी नाही ना, मग नसूच दे. या वयात मी लहान मुलासारखा रुसून बसलो आणि डोळा घालवला. तो तू नाही घालवलास. तू फक्त एक वाक्य बोललीस. वाईट होतं ते, मी नाही म्हणत नाही.

आणि ते 'मा.' आणि 'आपण' मी मुद्दाम लिहिलं. तुला टोचावं म्हणून. तुला टोचायला दोन आठवडे लागले, म्हणून आणखी राग आला.

आणखी एक. बुरशीचा आणि आपला संबंध जोडू नकोस. मी तुला शब्दाचा अर्थ लिहिला, तो शब्दाचाच होता. बुरशीला कोणी काका म्हणत नाही आणि ती कोणाच्या शाळेत सही करायला जात नाही. तिचं तिला पुरेसं काम आहे.

कार्डाचं काय झालं ते कळव.

(डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. तेवढा एकच उरलाय म्हणून डॉक्टर जपून करणार, तारीख १९ नोव्हेंबर. पुन्हा सही लागणार आहे, आणि घरी घेऊन जाणारं माणूस. काका तुम्हाला हे विचारणार नाहीत, म्हणून मी लिहितोय. त्यांना हे वाचून दाखवणार नाही.)


५ नोव्हेंबर

वाटीकाका,

लाँड्रीवाल्यांनी हे सावकाश वाचावं, माझं अक्षर घाईत बिघडतं. मी मोठं लिहितेय. एका पानावर सहा ओळी.

'डोळा तू नाही घालवलास' हे मी वाचलं. तुमच्या मनात तसं असेल तर ते तुमचं मोठेपण. मला ते घेता येणार नाही. ते वाक्य नसतं तर तुम्ही पंधराला कॉटवर बसून राहिला नसता. एवढं साधं आहे ते, आणि जन्मभर माझ्यापाशी राहील. त्यावर आणखी लिहून तुम्हाला त्रास देत नाही.

कार्डाचं: काल बैठक झाली. छापखान्याची तारीख दीड महिना पुढे गेली होती, तेवढं दैव. खोली तीच, माणसं तीच. प्राध्यापकांनी पुन्हा सांगितलं, वर्ग रद्द झालाय. मी म्हणाले, हो, रद्द झालाय, आणि तुमचं वाक्य जसंच्या तसं वाचलं: वर्गाचं नाव म्हणून रद्द, वर्णनाचा शब्द म्हणून वापरात. ते म्हणाले, हे कोणी लिहिलंय, याने पुष्कळ वाट्या पाहिलेल्या दिसतात.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "सप्टेंबरात दारात खोका घेऊन उभे होते ते. ते माझे काका. त्या दिवशी मी खोटं बोलले." शिपाई चहा घेऊन आत आला होता, तो ट्रे धरून तसाच उभा. प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांनाही आपलं हसणं आठवलं असावं. संपादक म्हणाले, ठीक आहे, पुढचं कार्ड घ्या.

'ठेवावा' वर खूण झाली. सल्लागाराच्या जागी मी 'प्रयोगशाळा साहाय्यक (निवृत्त), माझे काका' असं लिहिलं होतं. संपादकांनी 'माझे काका' खोडलं. म्हणाले, कोशात नाती छापत नाहीत.

सर्वांसमोर बोलले म्हणून काही फिटलं असं मला वाटत नाही. त्या खोलीत आता मला कानकोंडं झाल्यासारखं होतं आणि तसंच व्हायला हवं.

आता १९ तारीख. हो, कळलं मला, लाँड्रीवाल्यांवर रागावू नका. इस्पितळात जाऊन नवा फॉर्म घेऊन आले. सही केली आहे. घरी मी नेणार, तुमच्या खोलीवर नाही, माझ्याकडे, डोळा बरा होईपर्यंत. तुमची पाकिटं मावतील एवढं कपाट रिकामं केलंय.

एक रकाना मात्र कोरा ठेवलाय. 'नातं'. खिडकीतला कारकून म्हणाला, भरा की, एक शब्द तर लिहायचा आहे. मला लिहिता आला नाही. एकदा मी तो तुम्हाला न विचारता खोडला. आता तुम्हाला न विचारता लिहिणार नाही. काय लिहू ते सांगा. काही लिहू नकोस म्हणालात तरी एकोणीसला सकाळी मी सातला येतेच.

टिपकागद


८ नोव्हेंबर

टिपकागद,

हे मीच लिहितोय. ओळी वरखाली होतील.

लाँड्रीवाल्याने तुझं पत्र वाचलं. कंसातलं पण मी त्याच्याकडून काढून घेतलं. तो चांगला माणूस आहे, त्याला शर्टाचे पैसे घ्यायला सांग.

नातं काय लिहायचं विचारतेस. तुला पाकिटाची रीत शिकवली होती ना. 'भाडेकरू' ही चिठ्ठी तू लावलीस, ती फाडू नकोस. मीही तशी सही करून ती पक्की केली. ती तशीच राहू दे. तिच्या खाली नवी लाव. काका, असं लिही. ठरवणारीचं, म्हणजे तुझं, नाव घाल, तारीख घाल.

सातला नको, साडेसहाला ये. तिथे रांग असते.

तुझा,
वाटीकाका